ठाणेदार शुद्ध मराठीत उठत नाही

शुद्ध मराठी बोलावी तर रामाकोन्याच्या गुणवंतानं, असं अख्ख्या सौंसर तालुक्यात म्हणतात. म्हणजे मीच म्हणतो, पण तालुक्यानं अजून ते खोडून काढलेलं नाही.

तरुणपणी एक उन्हाळा मी पुण्याला मावसभावाकडे काढला. तिथं एका लग्नाच्या पंगतीत वाढप्याला म्हणालो, "आपण मला किंचित वरण वाढता का?" तो माणूस इतका गहिवरला, की वरणाचं पातेलंच माझ्यापुढे ठेवून नवरदेवाच्या बापाला बोलवायला गेला. ते दोघं आले तोवर पातेलं रिकामं झालं होतं, ही गोष्ट वेगळी. पण तेव्हापासून माझी खात्री पटली, की शुद्ध बोलणाऱ्याला या जगात कोणी नाही म्हणत नाही.

ही खात्री गेल्या पोळ्यापर्यंत टिकली. मग एका बैलानं नाही म्हटलं.

झालं असं, की पुण्याची एक कंपनी शेतकऱ्यांसाठी फोनसेवा काढत होती. नंबर लावायचा, की संत्र्याची फळगळ कशानं होते, कपाशीवर कोणती अळी आली, फवारा कधी मारायचा, सगळं कानात. आमच्या सौंसर-पांढुर्ण्याच्या भागासाठी त्यांना वाचणारा आवाज पाहिजे होता. माझी नात दामिनी हिनं नमुना म्हणून स्वतःचा आवाज पाठवला.

दामिनीच्या आवाजाबद्दल मी काय सांगू? ती अंगणातून शेळीला हाक मारते, तेव्हा सौंसरच्या बाजारात विकलेल्या शेळ्या दावं तोडून घरी येतात. गिऱ्हाइकं अजून आमचा पत्ता विचारत फिरतात.

पण कंपनीच्या रश्मी मॅडमचा निरोप आला: "आवाज उत्तम. पण हेल फार गावंढळ आहे. ऐकणाऱ्यांना रुचणार नाही."

दामिनीनं तो निरोप मला वाचून दाखवला आणि म्हणाली, "आजोबा, ऐकनारे कोन हायेत? आपल्या गावचे भगवंतरावच न? त्याईले माहा हेल कावून नाई रुचनार? त्याईचाच तं हाय तो."

"तू गप्प बस," मी म्हटलं. "काम मिळवायचं आहे का वाद जिंकायचा आहे?"

कारण काम नाही मिळालं तर पुढची सोय ठरलेली होती. नागपूरच्या तिच्या मावशीनं एका मोबाइलच्या दुकानात जागा पाहून ठेवली होती. तिथं दिवसभर बोलायचं नव्हतं, नुसती फोनला कव्हरं चढवायची होती. शेळ्या माघारी फिरवणारा गळा, आणि कव्हरं चढवायची! मला ते सहन होईना.

दामिनीचा उपाय निराळाच होता. पोळ्याला सगळे बैल तोरणाखाली जमले की आमच्याकडे झडत्या म्हणतात. झडती म्हणजे चार ओळींचा यमकदार टोमणा. सरपंचापासून घरजावयापर्यंत कोणालाही मारावा. शेवटी "हर बोला" म्हटलं, की सारं गाव "हर हर महादेव" करून पावती देतं, आणि ज्याला टोमणा बसला त्यालाही हात वर करावे लागतात. दामिनी आणि तिचा सोबती अंकुश पुलाच्या कठड्यावर बसून या हेलावरच झडती रचत होते. अंकुश म्हणजे 'अंकुश साउंड सर्व्हिस'. मालक, चालक आणि हमाल, तिन्ही तोच.

"पोट्टी झडती म्हनते का कुठं?" मी विचारलं.

"आतापावतर नोती म्हनत," दामिनी म्हणाली. "आतापावतर कोनी पोट्टीचा हेलबी नोता काढला."

मी ओळखलं, की प्रकरण पोरांवर सोडण्यात अर्थ नाही. तिचा फोन घेतला, ओसरीवर गेलो, घसा साफ केला आणि रश्मी मॅडमना लावला.

"नमस्कार. मी दामिनीचा आजोबा बोलत आहे. आपला किंचित गैरसमज झाला आहे. मुलीला त्या दिवशी सर्दी झाली होती."

"सर्दीनं हेल येतो?" मॅडमनी विचारलं.

"आमच्याकडच्या सर्दीनं येतो. एरवी आमचं अख्खं गाव शुद्ध बोलतं."

"अख्खं गाव?"

आता इथं थांबायला हवं होतं. पण जीभ एकदा उताराला लागली की तिला ब्रेक नसतो.

"जनावरं धरून," मी म्हणालो.

मॅडम म्हणाल्या, "अशा गावाला मला भेट द्यायलाच हवी. मी पोळ्याला येते. शेतकऱ्यांशीही बोलायचं आहेच. दामिनीनं तिथं सगळ्यांसमोर माहिती वाचून दाखवावी. जमलं तर काम तिचं. नाही तर आम्ही इथलाच आवाज घेऊ."

पोळा चार दिवसांवर होता.

मी मारुतीच्या पारावर सभा बोलावली. "मंडळी," मी म्हणालो, "पोळ्याच्या दिवशी मॅडम गावात आहेत तोवर कोणी आपल्या बोलीत तोंड उघडायचं नाही. दामिनीच्या नोकरीचा प्रश्न आहे."

दामिनी गावाची लाडकी. सगळ्यांनी माना डोलावल्या. मी गावाला तीन वाक्यं शिकवली: आपले स्वागत आहे. आपण प्रवासाने थकला असाल. चहा घेणार का? दोन दिवस गाव ती घोकत होतं. गिरणीत, पाणवठ्यावर, दाढी करताना. दोन भावांचं बांधावरून भांडण झालं, तेसुद्धा "आपण प्रवासाने थकला असाल" असं दातओठ खात झालं.

माझ्या बायकोनं, प्रमिलेनं, मात्र कमरेवर हात ठेवून विचारलं, "अन् मॅडमनं चवथं काही इचारलं तं?"

"तर पहिल्यापासून सुरू करायचं."

"मंग तुमीच करा सुरू. मले तं भाजीशी बी शुद्ध बोलता येत नाई."

दामिनीला मी गरम पाण्याच्या गुळण्या करायला लावल्या. संत्र्याची बी जिभेखाली धरून वाचायला सांगितलं, जीभ वळणावर यावी म्हणून. तिनं बी गिळली आणि म्हणाली, "आजोबा, मी वाचीन तं माह्याच बोलीत वाचीन. नाई तं नाई वाचनार." अंकुशला मी बजावलं, "माइक माझ्याशिवाय कोणाच्या हातात जाता कामा नये." तो म्हणाला, "हाव आजोबा." एवढ्या लवकर तो कधी हाव म्हणत नाही. तिथंच मला संशय यायला पाहिजे होता.

पहिला इशारा पोळ्याच्या आदल्या दिवशी मिळाला. त्या संध्याकाळी बैलांचे खांदे लोणी-हळदीनं शेकतात आणि बैलाच्या कानात उद्याच्या जेवणाचं आवतण देतात. गावात मानाचा बैल भगवंतरावांचा. नाव ठाणेदार. रस्त्यानं निघाला की ट्रॅक्टरसुद्धा बाजूला होतो, म्हणून ते नाव. मानाचा बैल तोरणाखालून पहिला जातो. तो गेल्याशिवाय बाकीच्या एकाही बैलाला पाय उचलता येत नाही. बापजाद्यापासूनची रीत आहे.

भगवंतराव ठाणेदाराच्या कानाशी वाकले आणि माझ्याकडे बघून म्हणाले, "सरावासाठी आतापासूनच शुद्ध बोलतो. श्रीयुत ठाणेदार, उद्या आपण भोजनास यावे, ही नम्र विनंती."

ठाणेदारानं कान मागे घेतला. मान वळवून मालकाला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं. मग लोण्याच्या वाटीला लाथ मारली आणि रात्रीची सरकीची ढेप तशीच ठेवली.

"गुणवंता," भगवंतराव म्हणाले, "याले काही समजलं नाई वाटते."

"समजलं आहे. भारावला आहे," मी म्हणालो.

पोळ्याच्या दुपारी रश्मी मॅडम पांढुर्ण्याला गाडीतून उतरून जीपनं गावात आल्या. बाई तरतरीत होत्या, पायात बूट, हातात रेकॉर्डर. वेशीतच भगवंतराव भेटले.

"आपले स्वागत आहे. आपण प्रवासाने थकला असाल. चहा घेणार का?"

मॅडमचा चेहरा खुलला. त्यांनी चहा घेतला आणि विचारलं, "यंदा संत्र्याला फळगळ कितपत आहे?"

भगवंतरावांची बाग निम्मी गळाली होती. बोलण्यासारखं त्यांच्याकडे बैलगाडीभर होतं. ते ओठापर्यंत आलं, गाल फुगले, डोळ्यांत पाणी आलं. शेवटी म्हणाले, "आपण प्रवासाने थकला असाल."

मॅडम गिरणीवाल्याकडे वळल्या. त्यानं त्यांना चहा पाजला. त्यांनी कपाशीचं विचारलं, त्यानं दुसरा कप पुढे केला. पुढे न्हाव्यानं पाजला. देवळातल्या म्हातारीनं पाजला. तोरणापर्यंत येता येता मॅडमच्या पोटात इतका चहा गेला, की चालताना डुचमळल्याचा आवाज येत होता. तो रेकॉर्डरमध्येही आला आहे, मी ऐकला आहे.

"आजोबा," त्या मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "लोक खरंच शुद्ध बोलतात. पण शेतीबद्दल कोणीच का बोलत नाही?"

"नम्र आहेत," मी म्हणालो. "स्वतःविषयी बोलत नाहीत."

त्यांनी खूश होऊन एक बोटाएवढा माइक माझ्या कॉलरला लावला. "तुमचं बोलणं फारच स्वच्छ आहे. आजचा सगळा सोहळा तुमच्या आवाजात टिपू."

माझी छाती अशी फुगली, की माइक वर जाऊन हनुवटीला टेकला.

तोरणाखाली पंचक्रोशीतले बैल जमले होते. शिंगांना बेगड, पाठीवर झुली, गळ्यात घुंगरमाळा. घरोघरी बाया आरतीचं ताट आणि पुरणपोळी घेऊन दारात उभ्या होत्या, कारण तोरण सुटलं की बैल दारोदार पूजेला जातात. सगळ्यात पुढे ठाणेदार.

भगवंतराव म्हणाले, "ठाणेदार, कृपया पुढे चलावे."

ठाणेदार हलला नाही.

"आपण पुढे चलावे, ही विनंती."

ठाणेदारानं पुढचे पाय दुमडले, मागचे दुमडले आणि बरोबर तोरणाखाली फतकल मारली.

सारा पोळा थिजला. बापजाद्यात कधी मानाचा बैल तोरणाखाली बसला नव्हता. मागून बैल रेटायला लागले. कोणाचं शिंग कोणाच्या झुलीत अडकलं. पोरं रडायला लागली. गिरणीवाला कळवळून म्हणाला, "आपले स्वागत आहे," कारण दुसरं काही म्हणायची त्याला परवानगी नव्हती.

भगवंतराव माझ्या कानाशी लागले. "गुणवंता, एकडाव बोलू दे मले माह्या बैलाशी. फक्त 'चाल बे' म्हनतो. सकाळपासून त्याले शिवी नाई दिली मी. त्याले वाटून राह्यलं का मी त्याचा मालक नाईच."

"खबरदार," मी पुटपुटलो. "मॅडम पाहून राहिल्या. पोरीचं काम जाईन."

"मंग तूच उठव. तूच लय शुद्ध हायेस." त्यांनी ठाणेदाराची वेसण माझ्या हातात कोंबली.

एवढा मान मिळाल्यावर मी दोर मनगटाला दोन वेढे देऊन घट्ट बांधला. फोटोत बरा दिसतो म्हणून. मग ठाणेदारासमोर उभा राहिलो आणि भाषण दिलं. "हे वृषभराज, आज आपला सण. समस्त ग्रामस्थ आपल्या उत्थानाची प्रतीक्षा करीत आहेत." असं बरंच. मी स्वतःच भारावलो. ठाणेदारानं डोळे मिटले. थोड्या वेळानं घोरू लागला.

मॅडम म्हणाल्या, "तुम्ही म्हणाला होतात, की जनावरंही..."

इतक्यात मागच्या ट्रॉलीवरच्या कर्ण्यात खरखर झाली. कर्ण्याचा माइक तर माझ्या खिशात होता. अंकुशकडे दुसरा होता, हे मला कोणी सांगितलंच नव्हतं. ट्रॉलीवर दामिनी उभी होती, कमरेला पदर खोचून.

"मॅडम," ती म्हणाली, "मले सर्दी नोती. हा माहा रोजचाच आवाज हाय. वाचायचं हाय ते मी वाचतोच, पन आधी हे ऐका." आणि तिनं झडती उचलली:

"संत्र्याची साल जाड, आत गोड फोड,
आमची बोली आमाले त्याहून गोड.
शेरातल्या बाईले खुपला हेल,
गाव झालं शुद्ध अन् बसला बैल.
आजोबाचं भाषन, बैलाची झोप,
बोलीले हसन त्याले म्हशीचा चोप!
हर बोला..."

गाव दिवसभर तोंड दाबून होतं. ते आता असं फुटलं, की तोरणाची पानं गळाली. "हर हर महादेव!" मॅडमनीही हात वर केले. रीत म्हणून केले का घाबरून, ते माहीत नाही.

दामिनीनं एकच हाक घातली. "चाल बे ठानेदारा, उठ! कायचा बसून राह्यला सरकारी बाबूवानी?"

ठाणेदाराचे डोळे उघडले. दिवसभरात पहिल्यांदा कोणी त्याच्याशी माणसासारखं बोललं होतं. तो उठला नाही, उडाला. मी दोराच्या दुसऱ्या टोकाला होतो.

पुढचं मला तुकड्यातुकड्यानं आठवतं. मारुतीचा पार उजवीकडून गेला आणि मग वरून गेला. एका गोठ्यात आम्ही दारानं शिरलो आणि दार नव्हतं तिथून बाहेर पडलो. दुसऱ्या दिवशी पांढुर्णा आणि सावरगावचे लोक नदीच्या दोन काठांवरून एकमेकांना दगड मारतात, त्या गोटमारीत त्यांना जेवढे दगड लागले असतील, त्याहून जास्त मला आदल्या दिवशी फुकटात लागले. पण ठाणेदार रीतीचा पक्का. दरवर्षीसारखा एकेका दारापुढे थांबायचा. बाया त्याच्या कपाळाला कुंकू लावायच्या, मग मी उठून उभा राहीस्तोवर माझ्याही कपाळाला लावायच्या. त्याच्या तोंडात पुरणपोळी, माझ्या तोंडात पुरणपोळी, आणि चाल पुढे. प्रमिलेनं स्वतःच्या दारात आम्हा दोघांना ओवाळलं आणि विचारलं, "आपण प्रवासाने थकला असाल?"

तोंडात पोळी होती, नाहीतर मी उत्तर दिलं असतं.

फेरी संपवून ठाणेदार मला तोरणाखाली परत घेऊन आला, तेव्हा तिथलं चित्रच पालटलं होतं. मॅडम ट्रॉलीच्या दांडीवर बसल्या होत्या आणि गाव त्यांना गराडा घालून बोलत होतं. भगवंतराव सांगत होते, "निम्मी बाग गळून राह्यली, मॅडम. पानी तुंबलं का मुळाले हवा भेटत नाई." न्हावी अळीचं सांगत होता, गिरणीवाला बाजारभावाचं. दामिनी ट्रॉलीवरून फळगळीची माहिती वाचत होती आणि म्हातारे मध्येच तिला टोकत होते, "हे दोनदा सांग पोरी, हे कामाचं हाय." आणि ती दोनदा सांगत होती.

मॅडमनी माझ्या कॉलरवरचा माइक काढला. तो शेवटपर्यंत चालू होता.

"आजोबा, दामिनीची सर्दी कशी आहे?"

"बरी नाई झाली," मी म्हणालो. "गावालेच झाली आता."

"होऊ दे," त्या म्हणाल्या. मग ऑफिसला फोन लावून उभ्याउभ्याच सांगितलं, "चाचणी झाली. आपल्या आवाजानं बैल झोपतो. तिच्या आवाजानं उठतो. मुलगी ठेवून घ्या... नाही, हेल नाही काढायचा. हेलासकट."

दामिनीनं तिथंच अट घातली, की सुरुवातीला झडती राहील आणि ध्वनीचं सगळं काम अंकुशकडे राहील. मॅडमनी दोन्ही मान्य केलं. त्यांना घाईनं मोरीकडे जायचं होतं. चहा खूप झाला होता.

सेवा दिवाळीला सुरू झाली. सौंसरपासून पांढुर्ण्यापर्यंत शेतकरी नंबर लावतात आणि दामिनी त्यांच्याशी घरच्यासारखी बोलते. फळगळीला एक दाबा, कपाशीला दोन, बाजारभावाला तीन. चार दाबलं, की रानडुकरं पळवायचा उपाय येतो. फोन कर्ण्याला जोडायचा आणि बागेत लावून ठेवायचा.

त्यात मी आहे. "अरे मेलो रे बाप्पा, धरा बे त्याले, माहा हात उपटून राह्यला!" पार मारुतीच्या पारापासून गोठ्यापर्यंत. अंकुशनं त्याला मागं घुंगरमाळाही लावल्या आहेत. तो आवाज ऐकून डुकरं अशी पळतात, की जाम नदी ओलांडून सावरगावात शिरली. तिथले लोक बसून तोड काढायला आले होते.

मला हे शोभेना. "दामिनी," मी म्हटलं, "माझं नाव तालुक्यात शुद्ध मराठीसाठी आहे. निदान शुद्धात पुन्हा रेकॉर्ड कर."

"करू न आजोबा," ती म्हणाली. फारच लवकर म्हणाली.

मी स्वच्छ आवाजात बोललो: "कृपया मला वाचवा. माझ्या हातास किंचित इजा होत आहे." दिवेलागणीला भगवंतरावांच्या बागेत लावलं आणि आम्ही सगळे बांधावर बसून राहिलो. डुकरं आली. कर्ण्यासमोर थांबली. मग एकेक करून खाली बसली, पिल्लं पुढे, मोठी मागे, आणि संत्री सोलून खावीत तशी निवांत खात शेवटपर्यंत ऐकत राहिली. संपल्यावर अंकुशनं परत लावलं, तर दुसऱ्या बागेतली पण आली.

भगवंतराव नुसते माझ्याकडे बघत होते. प्रमिला म्हणाली, "आता बसलेच हायेत तं चहा बी इचारा त्याईले."

तेव्हापासून मी शुद्ध मराठी सोडली आहे. तसं मला कोणी सांगितलं नाही. बागायतदारांनी वर्गणी काढून माझा सत्कार करायचं ठरवलं, तेवढंच. आणि भाषण करायचं नाही, ही त्यांची एकच अट होती.